पाथरवट, परग्रहवासी आणि आमची सहाण

बरेच वीकेंड काही लिहिणं झालं नाही. रिलीज होतं, सपोर्ट होता, वगैरे कारणं देणार होतो. पण खरं कारण असं, की मध्यंतरी माझी घरच्यांसमोर जरा फजिती झाली आणि ती पचायला वेळ लागला. म्हटलं आता लिहूनच टाकू.

तर झालं असं. ऑफिसातल्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत फिरत आला. प्राचीन इजिप्तमधलं दगडी भांडं. ग्रॅनाइटचं, ओंजळीत मावेल एवढं, दोन बाजूंना दोन छोटे कान. कोणीतरी त्याचं थ्री-डी स्कॅन केलंय, पडद्यावर लाल-हिरव्या रेषा फिरतायत आणि मागून एक गंभीर आवाज सांगतोय की याच्या गोलाईत केसाच्या जाडीएवढीसुद्धा चूक नाही. पाच हजार वर्षांपूर्वी हे हाताने शक्यच नाही. म्हणजे मशीन होतं. मग मशीन कोणाचं? इथे संगीत चढतं आणि आकाशातले तारे दिसतात.

आमच्या टीममधल्या पब्लिकने लगेच माना डोलावल्या. मीही डोलावली. एवढंच नाही, तर तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर ढकलला आणि खाली शेरा मारला, "भारी! हाताने शक्यच नाही हे."

दहा मिनिटांनी बाबांचा मेसेज. "मंग आपला खल कोनं बनवला रे? तो बी वरून पडला काय? आपल्या जिल्ह्यात वरून पडलेलं एकच हाय. लोणार."

खाली काकाचे, काकूचे, दोन चुलतभावांचे हसण्याचे चेहरे. इंजिनिअरिंगची डिग्री, पाच-सहा वर्षांचा अनुभव, आणि मेहकरला बसून बाबांनी दोन ओळींत गार केलं. (मी मेहकरचा, जिल्हा बुलढाणा. लोणार आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर.)

चिडून मी उत्तर शोधायला बसलो. बाबांना खोटं पाडायचं होतं. जे सापडलं ते बाबांच्या बाजूचं निघालं.

भांडी होती कशासाठी?

आधी हे समजून घेऊ की ही भांडी नेमकी काय होती. इजिप्तमध्ये दगडी भांडी घडवण्याची कला पिरॅमिडांच्याही आधीची. त्यातली बरीचशी, विशेषतः लहान आकाराची, प्रसाधनाची. सुगंधी तेलं, मलमं, चरबीत मुरवलेली उटणी आणि डोळ्यांत घालायचा सुरमा. आजच्या भाषेत क्रीमच्या डब्या.

मातीचं मडकं तेल पितं. दगड पीत नाही, आणि आतला माल गारही ठेवतो. त्यासाठी सगळ्यात आवडता दगड म्हणजे अलाबास्टर. दुधी, पिवळसर पट्ट्यांचा, पातळ केला तर दिव्याचा उजेड आरपार येईल असा. नाईलच्या पूर्वेला वाळवंटात हटनुब नावाची त्याची प्रसिद्ध खाण होती. पुढे रोमन लेखक प्लिनीनेही नोंदवून ठेवलंय की सुगंधी मलमं अलाबास्टरच्या कुपीतच सगळ्यात चांगली टिकतात.

तुतनखामेनचं थडगं १९२२ साली हॉवर्ड कार्टरला सापडलं, तेव्हा त्यात अलाबास्टरची मोठमोठी सुंदर भांडी होती. पण चोर हजारो वर्षांपूर्वीच आत येऊन गेले होते, आणि त्यांनी त्या भांड्यांतलं मलम हाताने खरवडून नेलं होतं. आत चिकटलेल्या थरावर त्यांच्या बोटांचे ठसे कार्टरला दिसले. सोनं सोडून मलम कशाला चोरायचं, असं आपल्याला वाटतं. पण सोनं ओळखू येतं, मलम कोणाचं हे कसं ओळखणार? चोराचं डोकं बघा :-)

सुरम्याची गोष्ट तर आमच्यासारख्यांनी वाचावी अशीच आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अशा डब्या आहेत ज्यांच्या तळाशी साधारण चार हजार ते सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची पूड अजून शिल्लक आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ती तपासली आणि १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध छापला. काळा रंग गॅलेना या शिशाच्या खनिजाचा, हे अपेक्षितच होतं. पण त्यात शिशाची अशी दोन संयुगं मिळाली जी निसर्गात फारच क्वचित सापडतात. म्हणजे ती मुद्दाम तयार केलेली होती, शिशाची भस्मं मीठ आणि पाण्यात दिवसेंदिवस मुरवून. २०१० मध्ये त्यांनीच दाखवलं की या संयुगांचा अगदी सूक्ष्म अंश त्वचेच्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतो, ज्याने रोगप्रतिकाराला चालना मिळते. डोळे येण्याचा त्रास असलेल्या नाईलच्या काठावर हे काही थोडं नाही. (म्हणून बाजारातला शिशाचा सुरमा बाळाच्या डोळ्यांत घालू नका हां. शिसं ते शिसंच, ते विषच.)

म्हणजे डबी घडवणारा एक कारागीर आणि आतला माल बनवणारा दुसरा. दोघंही आपापल्या कामात मुरलेले. आणि आम्ही पाच हजार वर्षांनी ऑफिसात बसून म्हणतो, हाताने शक्यच नाही.

मग घडवलं कसं?

गंमत म्हणजे हे रहस्य वगैरे नाहीच. इजिप्तच्या लोकांनी सगळं चित्रात काढून ठेवलंय. थडग्यांच्या भिंतींवर कारागीर बसलेत, समोर भांडं, आणि हातात एक उभी काठी. काठीच्या वरच्या टोकाला दोन जड दगड बांधलेले, म्हणजे आपोआप दाब पडेल. खालच्या बेचक्यात गारगोटीचा चंद्रकोरीसारखा तुकडा. काठी फिरवायची आणि भांडं आतून पोखरायचं. सुरुवातीचं भोक पाडायला तांब्याची नळी आणि तिच्याखाली वाळू. दगड तांबं कापत नाही, वाळू कापते. तांबं फक्त वाळूला गोल गोल फिरवतं. मधे दगडाचा गाभा उभा राहतो, तो मग ठोकून मोडायचा. भांड्यांच्या आतल्या बाजूला या फिरण्याचे गोल ओरखडे आजही दिसतात.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट. या दगड पोखरायच्या हत्याराचं चित्र हे इजिप्तच्या चित्रलिपीतलं एक अक्षरचिन्ह आहे. कशासाठी वापरायचे? 'कारागिरी', 'कला' हा शब्द लिहायला. म्हणजे त्या संस्कृतीत कसब म्हटलं की डोळ्यासमोर पहिल्यांदा दगडी भांडं पोखरणारा माणूस यायचा. आणि आम्ही नेमकं त्याच माणसाला चित्रातून काढून टाकतोय.

डेनिस स्टॉक्स नावाच्या ब्रिटिश संशोधकाने ही हत्यारं पुन्हा बनवून, अगदी अस्वानच्या ग्रॅनाइटवर चालवून पाहिली आणि २००३ मध्ये त्यावर आख्खं पुस्तक काढलं. काम होतं, पण वेळ खूप लागतो आणि तांबंही झिजत जातं, हे त्याचं सार.

एवढं वाचून गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण मी इंजिनिअर. म्हटलं, करूनच बघू.

माझा प्रयोग

पुढच्या लाँग वीकेंडला मेहकरला गेलो. जाताना एसीवाल्याकडून अर्ध्या इंची तांब्याच्या नळीचा उरलेला तुकडा घेतला. वाळूचा प्रश्न होता. आपल्याकडची नदीची वाळू बरीचशी काळ्या दगडाचीच, ती काळ्या दगडाला काय कापणार? म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून एमरी पावडर आणली, म्हणजे आपला कुरुंद. (इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द दक्षिण भारतातल्या 'कुरुंदम'वरूनच गेलाय, हे मला आत्ताच कळलं.) दगड म्हणून मागच्या अंगणातला फुटक्या पाट्याचा अर्धा तुकडा. नळी एका लाकडी दांड्यावर ठोकून बसवली, जुने सुतार दोरीच्या धनुकलीने भोक पाडायचे तशी धनुकली केली, आणि बसलो.

आजी ओट्यावर बसून बघत होती. "काय करून राह्यला रे?"

"भोक पाडतोय आजी."

"कायले?"

याला उत्तर नव्हतं.

शनिवार दुपार, शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ. मिळून सहा तास. पहिल्या तासात नळी नुसती घसरत होती. मग आधी छिन्नीने छोटी खोबण केली, पावडरीत पाणी किती घालायचं याचा अंदाज आला, दाब किती द्यायचा ते हाताला कळलं. चौथ्या तासाला आवाज बदलला. किर्र किर्र थांबून एक घट्ट, खालचा घर्रर्र असा आवाज यायला लागला आणि त्या आवाजात दगड कापला जातोय हे कळायचं. सहाव्या तासाला दोन्ही तळहातांना फोड. व्हर्नियरने मोजलं. खोली साडेचार मिलिमीटर.

साडेचार मिलिमीटर! हसायला आलं. पण मग ते भोक धुवून नीट बघितलं आणि हसू थांबलं. ते अगदी गोल होतं. मी कागदावर कंपासने काढीन त्याहून सुबक. मी काही मोजलं नव्हतं, गोल करायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. नळी फिरत होती, म्हणून भोक गोल झालं. बस.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. व्हिडिओतला सगळा युक्तिवाद गोलाईवर उभा आहे. पण जी गोष्ट एका आसाभोवती फिरवून घडते तिला गोलाई फुकटात मिळते. कुंभाराच्या चाकावरचं मडकं कोणी मायक्रॉनमध्ये मोजून बनवत नाही. महाग असते ती खोली. महाग असतो वेळ. आणि तळहात.

'शक्य नाही' म्हणजे नेमकं काय?

आता माझं मत. जरा तिखट आहे, पण आधी ते मलाच लागू आहे.

आम्ही 'हाताने शक्य नाही' म्हणतो तेव्हा खरं म्हणजे 'माझ्या हाताने शक्य नाही' एवढंच म्हणत असतो. आमचे हात कीबोर्डवर चालतात. एकाच कामावर वीस वर्षं घालवलेला माणूस आम्ही जवळून पाहिलेला नाही. दोन वर्षांत टेक्नॉलॉजी बदलते, तीन वर्षांत कंपनी. वीस वर्षं एकच दगड पोखरणाऱ्या माणसाची कल्पना करणं आम्हाला परग्रहवासीयांची कल्पना करण्यापेक्षा अवघड जातं.

दुसरं म्हणजे, हा प्रश्न आम्ही कोणाबद्दल विचारतो तेही बघा. ताजमहालाच्या बाबतीत बादशहाचं नाव माहीत असतं. वेरूळच्या कैलास लेण्याबद्दलही असेच फॉरवर्ड येतात, अख्खा डोंगर वरून खाली कापला, माणसाचं काम नव्हे. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाचं नाव त्याला जोडलेलं आहे. भिंतींवर छिन्नीचे घाव आजही मोजता येतात. राजाला कोणी नाकारत नाही. नाकारला जातो तो छिन्नीवाला. त्याच्या जागी परग्रहावरून आलेला चालतो, पण वडाराचा, पाथरवटाचा पणजोबा चालत नाही. हे मला फार खटकायला लागलंय.

प्रश्न विचारू नयेत असं म्हणत नाहीये. उलट प्रश्न विचारणं हे तर आपलं काम. पण एखादा बग सापडला की आपण काय करतो? आधी लॉग बघतो. 'सर्व्हरमध्ये भूत आहे' असं थेट लिहून तिकीट बंद करत नाही. दगडी भांड्यांचे लॉग उपलब्ध आहेत. भिंतींवरची चित्रं, अर्धवट सोडलेली भांडी, फेकून दिलेले दगडाचे गाभे, झिजलेल्या गारगोट्या. व्हिडिओवाल्याने लॉग उघडलेच नाहीत, आणि मीही नाही.

आणखी एक टेक्निकल मुद्दा आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०२३ पासून या स्कॅनची जी चर्चा सुरू झाली ती ज्या भांड्यावरून, ते खाजगी संग्रहातलं. कोणत्या गावी, कोणत्या थडग्यात, कोणत्या थरात मिळालं याची पक्की नोंद त्याच्यासोबत नाही. आता बाजारातून आलेलं भांडं पाच हजार वर्षांचं आहे की मागच्या शतकात लेथवर कातून पर्यटकाला विकलेलं, हे नुसत्या गोलाईवरून कसं ठरवणार? डेटा आहे, मेटाडेटा नाही. असा डेटा आमच्या टीममध्ये कोणी दिला तर आम्ही तो परत पाठवतो.

याच्या उलट उदाहरण घ्या. सक्कारा इथे जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली भुयारांत सुमारे ४०,००० दगडी भांडी मिळाली. त्यांतल्या कित्येकांवर जोसरच्या आधीच्या राजांची नावं कोरलेली आहेत. म्हणजे ती त्याच्यासाठी केलेली नव्हतीच. वाडवडिलांची जुनी भांडी जपून ठेवली होती, ती तिथे ठेवली गेली. जागा माहीत, थर माहीत, नाव माहीत, म्हणून एवढी गोष्ट कळली. तीच भांडी एकेक करून लिलावात आली असती तर सुंदर वस्तू यापलीकडे काही उरलं नसतं.

हे सगळं आपल्याकडचंही आहे

वाटेल, इजिप्तचं काय एवढं. तर आपल्याकडे बघा.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप खणला. आत मोठी गोल दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात मातीच्या भिक्षापात्राचे छोटे तुकडे. काय कुठे होतं, कशाच्या आत काय होतं, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. या वस्तू मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे जपलेल्या आहेत. जगातली सगळ्यात मौल्यवान वस्तू मातीचा तुकडा आणि तिच्यासाठी पाच डब्या! त्यात दगड आणि स्फटिकाच्या डब्या आपल्याच माणसांनी घडवलेल्या.

आणि इजिप्तशी आपला संबंध तर थेट. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचं प्रवासी मार्गदर्शक लिहिलं. त्यात पैठण आहे, तगर म्हणजे आपलं तेर आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तेर दहा दिवसांवर. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत सुरम्याचं खनिज आहे, आणि मलमही आहे, पण साधं आणि थोडंच. राजासाठी मात्र उत्तमातलं उत्तम मलम वेगळं. इकडून पैठणचे अकीक वगैरे रंगीत दगड गाड्यांत भरून जायचे. म्हणजे आपण त्यांना दगड द्यायचो आणि ते आपल्याला क्रीम!

आमच्या बुलढाण्याला लागून जालना जिल्ह्यात भोकरदन आहे, जुनं भोगवर्धन. १९७३-७४ मध्ये तिथे उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. तशाच धाटणीची मूर्ती इटलीत पाँपेईमध्ये १९३८ साली सापडली होती, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली. त्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना दोन दासी उभ्या आहेत, आणि त्यांच्या हातात प्रसाधनाचं सामान आहे. म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात जी कारागिरी चालायची तिचीच बहीण रोमन माणसाच्या घरात. तेरलाही असंच हस्तिदंती शिल्प आहे. ते आज गावातल्याच संग्रहालयात बघायला मिळतं, कारण रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसाने गावच्या वस्तू गावात जमवून ठेवल्या.

आत्ताचंच सांगायचं तर जून २०२४ मध्ये सिंदखेडराजाला, लखुजी जाधवरावांच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याला शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली. मूर्तीचा दगड क्लोराइट शिस्ट, आपल्या काळ्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी मऊ, म्हणून त्यावर एवढं बारीक काम उतरलं. हा दगड आपल्या भागातला नव्हे. मग तो कुठून आला, कोणी आणला? जागेवर, थरासह सापडली म्हणून हे प्रश्न तरी विचारता येतात.

आता आमच्या घराबद्दल

इथपर्यंत सगळं छान छान. आता जे लिहायला इतके वीकेंड लागले ते.

आमचं मेहकरचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. त्यातला मागचा भाग पाडून स्लॅब टाकायचं ठरलं होतं. प्रयोगाच्या दोनेक महिने आधी बाबांनी फोन केला होता. मागच्या खोलीत सामान बरंच आहे, जातं, उखळ, दोन पाटे, खल, सहाण, यांचं काय करू? मी तेव्हा मीटिंगमध्ये होतो. म्यूट काढून म्हणालो, "बाबा, कोण वापरतं ते? देऊन टाका, नाहीतर टाकून द्या."

प्रयोग संपल्यावर रविवारी मी आजीला विचारलं, जातं कुठेय? ती काही बोलली नाही. बाबांनी बोट दाखवलं. नव्या जोत्याखाली. गवंड्याने भरावात टाकलं. दोन्ही तळ्या. उखळसुद्धा.

माझंच वाक्य होतं ते. टाकून द्या.

पाटा फुटला तो त्याच धामधुमीत, ज्याच्या तुकड्यावर मी मोठ्या उत्साहाने इजिप्तचा प्रयोग करत होतो. खल आणि सहाण राहिली, कारण आजीने त्या आपल्या खाटेखाली सरकवून ठेवल्या होत्या.

सहाण म्हणजे आमच्याकडची अलाबास्टरची कुपीच की. ताटलीएवढा गोल काळा दगड, मधे झिजून बशीसारखा खोलगट झालेला. यावर रोज देवाचं गंध उगाळलं जायचं. घरात बाळ आलं की गुटी यावरच. हळकुंड, जायफळ, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, प्रत्येकाचे किती वेढे द्यायचे ते आजीच्या बोटांत. बाबा यावरच्या गुटीवर वाढले, मी वाढलो, माझ्या बहिणीची मुलगीसुद्धा. उन्हाळ्यात घामोळ्यांना चंदन यावरचंच. आणि काजळ? तुपाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी धरायची, रात्रभरची काजळी सकाळी लोण्यात खलायची आणि चांदीच्या डबीत भरायची. डबी खामगावच्या बाजारातली, ते तर चांदीचंच गाव.

मी सहाण उलटी केली. खालच्या बाजूला टाकीचे घाव, तिरके, एकसारख्या अंतरावर. मी माझ्या फोड आलेल्या बोटाने ते चाचपले. एका सरळ रेषेत, एकाच खोलीचे. मला साडेचार मिलिमीटरला सहा तास लागले होते.

"आजी, ही कोणी केली?"

"पाथरवट यायचा ना. दिवाळीच्या आंगं-मांगं. तुह्या आजोबाच्या मायनं घेतली थे. ज्वारीवर."

"नाव काय त्याचं?"

आजी माझ्याकडे बघतच राहिली. "नाव? पाथरवटाले नाव कोन पुसते बापा?"

मग थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाली, "त्याची बायको याची दरसाल, पाट्याले टाकी लावाले. लेकरू पाठीशी बांधलेलं राहे. मी त्याले गुटी देल्ती एकडाव, याच सहाणीवरची. लय रडे बिचारं."

म्हणजे ज्याने ती सहाण घडवली, त्याच्याच लेकराला तिच्यावरची गुटी मिळाली. एकदा. आणि नाव आमच्याकडे कोणी विचारलं नाही. चार पिढ्यांत कोणीच नाही.

व्हिडिओवाला निदान पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला विसरला. आम्ही दारात उभ्या असलेल्याला विसरलो. परग्रहवासी एका दिवसात येत नाहीत हो. आधी आपण माणसाचं नाव विचारायचं थांबतो, मग त्याची वस्तू भरावात जाते, आणि शंभर वर्षांनी कोणीतरी जोत्याखालून ते जातं उकरून म्हणतं, हे हाताने शक्यच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्या वस्तू शोकेसमध्ये ठेवा असं नाही. टू बीएचकेमध्ये जातं कुठे ठेवणार, मलाही कळतं. पण टाकण्याआधी, देण्याआधी, एक फोटो काढा. उलटी करून खालच्या बाजूचाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की ही कुठून आली, कोणी केली, कशाला वापरली, कितीला पडली. आणि लिहून ठेवा. एक्सेलमध्ये लिहा, वहीत लिहा, कशातही. अर्धा तास लागतो. ज्यांच्याकडे विचारायचं ती माणसं ऐंशीच्या पुढे आहेत, त्यामुळे हे पुढच्या दिवाळीवर टाकू नका.

मी पुण्याला निघताना सहाण सोबत न्यायची म्हणत होतो. आजी नाही म्हणाली. "इथंच राहू दे. तिथी तू काय उगाळशीन?" बरोबर आहे.

मग एका कागदावर लिहिलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून सहाणीखाली ठेवलं. वस्तू: सहाण, काळा दगड. जागा: मेहकर, आमच्या घराची मागची खोली. आली: पणजीच्या काळात, दिवाळीच्या सुमारास, ज्वारीच्या मोबदल्यात. वापर: गंध, चंदन, गुटी. घडवणारा: पाथरवट, नाव विचारलं नाही.

'माहीत नाही' लिहिणार होतो. पण 'विचारलं नाही' हेच खरं आहे.

बाबांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि खाली पेनने एक ओळ वाढवली. 'जातं व उखळ: नवीन जोत्याखाली, ईशान्य कोपरा.' म्हणाले, "कधी कोनं खनलं तर त्याले सापडलं पाहिजे ना."

असो. फार लांबलं. तुमच्या घरी सहाण आहे का? कोणी केलीय, काही माहीत आहे? आज रविवार आहे, घरी फोन करणारच असाल. विचारून बघा.